शेवटचा अंतरा: नागपुरातल्या एका ट्रिब्यूट अल्बमचं प्रकरण

उत्तर नागपुरातल्या एका रॉक गिटारिस्टने जुन्या काळच्या एका भीमगीत गायकाची आठ गाणी नव्याने करायला घेतली. अल्बम निघाला तेव्हा त्यात सहाच गाणी होती. दोन का गळाली आणि एका गाण्याची रचना ऐन मिक्सिंगच्या वेळी का बदलावी लागली, त्याची ही नोंद. अल्बमची कागदपत्रं आणि माणसं गाठण्याचं काम माझ्याकडे होतं. नावं, गाण्यांचे मुखडे आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. मूळ गायकाला इथे ‘काकाजी’ म्हटलं आहे. गिटारिस्टला गिटारिस्टच.

पार्श्वभूमी

काकाजींची गायन पार्टी होती. हार्मोनियम, ढोलक, बुलबुलतरंग म्हणजे आपल्याकडचा बँजो, आणि मागे टाळी देणारे कोरसवाले. १४ एप्रिलच्या आसपास आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसे. समोर दुसरी पार्टी बसवून रात्रभर सामना चालायचा. पुढे कॅसेट आल्या आणि काकाजींचा आवाज विदर्भातल्या टेपरेकॉर्डरांतून, टपऱ्यांतून, ट्रॅक्टरवरच्या भोंग्यांतून वाजायला लागला. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ते गेले.

१४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर नागपूरला दरवर्षी जी गर्दी लोटते, तिच्यासोबत पुस्तकांचा आणि गाण्यांचा बाजारही भरतो. दीक्षाभूमीच्या वाटेवर आधी कॅसेट मिळायच्या, मग सीडी, आता पेनड्राइव्ह. गिटारिस्ट या बाजारातच लहानाचा मोठा झाला. इंजिनिअरिंग कॉलेजच्या फेस्टमध्ये इंग्रजी गाणी वाजवून त्याचा बँड तयार झाला, पण घरी आजोबांच्या टेपवर काकाजी लागलेले असायचे. त्याला वाटलं, हा आवाज आपल्या वयाच्या पोरांपर्यंत गिटारवर न्यावा. कल्पना उत्तम होती, आजही तसंच वाटतं.

त्याने मे महिन्यात रेकॉर्डिंग सुरू केलं. नागपूरच्या इंदोरा वस्तीतल्या एका घराच्या वरच्या खोलीत गाद्या लावून स्टुडिओ केला होता. टेक चालू असताना कूलर बंद ठेवावा लागे, आणि नागपूरच्या मेमध्ये कूलर बंद म्हणजे काय ते नागपूरकरांना सांगायला नको. आठही गाण्यांचे कच्चे ट्रॅक झाले. मग त्याने काकाजींच्या मुलाकडून आशीर्वाद घेतला, पाठीवर थाप पडली, एकत्र फोटो निघाला. त्याच्या दृष्टीने परवानगीचा विषय तिथे संपला होता. माझ्याकडे फाइल आली ती यानंतर.

अडचण कुठे होती

ट्रिब्यूट काढणारा माणूस आवाजापासून सुरुवात करतो. त्याला ज्याने वेड लावलं तो गायक, म्हणून तो गायकाच्या घरी जातो. पण गाणं नव्याने गाऊन रेकॉर्ड करायचं असेल तर कायद्याच्या नजरेत गायकाच्या हातात फार थोडं असतं. शब्द कवीचे, चाल संगीतकाराची, आणि जुनं रेकॉर्डिंग ज्याने काढलं त्याचं. गायकाला सादरकर्त्याचा हक्क आहे, पण तो त्याच्या स्वतःच्या सादरीकरणापुरता. दुसऱ्या कोणी तेच गाणं स्वतःच्या गळ्याने गायलं तर त्या हक्काला धक्का लागत नाही.

मुदतीचा घोळही नेहमीचाच. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. शब्द आणि चाल यांचा हक्क मात्र कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. त्यामुळे एखादी जुनी तबकडी मोकळी झाली तरी तिच्यातलं गाणं मोकळं झालेलं नसतं. भीमगीतांचे कवी-गायक वामनदादा कर्डक २००४ साली गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे. तुकडोजी महाराज १९६८ साली गेले, त्यांचं लेखन २०२८ अखेरपर्यंत. ‘जुनी गाणी आहेत, समाजाची आहेत, कोणाला काय विचारायचं’ हे वाक्य या कामात मी सगळ्यात जास्त ऐकलं. गाणी समाजाची आहेत हे खरंच आहे. पण ज्याने ती लिहिली त्याचं घरही त्याच समाजात आहे, आणि बहुतेक वेळा पडक्या अवस्थेत आहे.

आठ गाण्यांच्या कॅसेटची कव्हरं आम्ही समोर मांडली. पुढच्या बाजूला काकाजींचा रंगीत फोटो, मागे बारीक अक्षरात ‘गीत’ आणि ‘संगीत’. चार कवी निघाले. एका गाण्यावर कवीचं फक्त आडनाव होतं. तीन गाण्यांवर संगीत म्हणून काकाजींचं नाव, बाकीच्यांवर ‘पारंपरिक’. आणि एक गाणं, जे सगळ्यात लोकप्रिय होतं, साठच्या दशकातल्या एका हिंदी सिनेगीताच्या चालीवर बांधलेलं होतं. कॅसेटच्या काळात हे सर्रास चालायचं. लोकांच्या तोंडी असलेली चाल घ्यायची आणि तिच्यात आपला विचार भरायचा. प्रचारासाठी ती युक्ती बिनतोड होती. पण कव्हर करणाऱ्याला, म्हणजे दुसऱ्याचं गाणं नव्याने गाऊन रेकॉर्ड करणाऱ्याला, तिथे एकाऐवजी दोन दारं ठोठवावी लागतात.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय गिटारिस्टच्या मित्राने सुचवला: काही विचारायचं नाही, टाकून द्यायचं, कोणी आलं तर बघू. पुष्कळ अल्बम असेच निघतात. त्यावर फार चर्चा झाली नाही. ज्याच्या नावाने अभिवादन करायचं त्याच्या सोबत्यांना न विचारता करायचं, हे गिटारिस्टला स्वतःलाच पटेना.

दुसरा पर्याय कायदेशीर आणि आकर्षक वाटणारा होता. ‘पाच वर्षं झाली की कव्हर कोणीही करू शकतो’ असं त्याने ऐकलं होतं. हे अर्धं खरं आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३१सी आलं. त्याआधी कलम ५२ खाली दोन वर्षांनंतर कव्हर करता यायचं आणि ऐंशीच्या दशकातला कव्हर व्हर्जनचा पूर त्या कलमावरच आला होता. आता मूळ रेकॉर्डिंगच्या वर्षानंतर पाच कॅलेंडर वर्षं थांबावं लागतं. पण पुढच्या अटी कोणी वाचत नाही. आधी नोटीस द्यायची, कव्हर असल्याचं ठळक लिहायचं, आणि प्रत्येक गाण्यामागे दरवर्षी किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरायची. एखाद्या भाषेसाठी हा आकडा कमी करण्याची सोय कायद्यात आहे, पण आमच्यासारख्या घरगुती अल्बमला तिच्यावर विसंबून बसता येत नव्हतं. त्याहून मोठी अडचण दुसरीच. या कलमाखाली शब्दांत किंवा चालीत बदल करता येत नाही, तांत्रिक गरजेपुरता अपवाद सोडून. रॉक कव्हर म्हणजे बदलच. अंतरे कापलेले, चाल ताणलेली, मधे सोलो म्हणजे एकट्या गिटारचा तुकडा. ज्या गोष्टीसाठी अल्बम करायचा तीच या वाटेने करता येत नव्हती.

तिसरा पर्याय म्हणजे एकेक दार ठोठावणं: कवींचे वारस, चालीचे मालक, प्रत्येकाशी लेखी करार. वेळ जाणार, आणि काही दारं उघडणारच नाहीत. आम्ही हा निवडला.

चौथाही एक पर्याय होता: काकाजींच्या शैलीत नवी गाणी लिहून घ्यायची आणि अल्बम त्यांना अर्पण करायचा. गिटारिस्टने तो तिथल्या तिथे उडवून लावला. माझ्या मते एवढ्या घाईने उडवायला नको होता. चार जुनी आणि चार नवी असा अल्बम कदाचित जास्त भक्कम झाला असता.

काय केलं

कवी आणि त्यांची घरं

पहिल्या कवीच्या घरची कागदपत्रं व्यवस्थित होती. नातू शिक्षक, आजोबांच्या वह्या प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून कपाटात ठेवलेल्या. तिथलं काम लगेच झालं. तिसऱ्याच्या घरीही फारसा त्रास झाला नाही, फक्त तीन भावंडांपैकी एक पुण्याला होता आणि सही तिघांचीही लागणार होती.

दुसऱ्या कवीचं प्रकरण मात्र या सगळ्या कामाचा गाभा ठरलं. आठपैकी तीन गाणी त्यांची होती. ते स्वतः मिलमध्ये कामाला होते, रात्री लिहायचे. आता मुलगी होती, साठीच्या आसपासची, तिला सगळे ताई म्हणत. ताईंकडे लोखंडी पेटीत वह्या होत्या आणि कॅसेट कंपनीची एक पावती. साधा कागद, रेव्हेन्यू स्टॅम्प, वर सही, आणि एकच वाक्य: गीतलेखनाचं मानधन मिळालं. हक्क दिले असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. कॉपीराइटचं हस्तांतर लेखी आणि सही केलेलं असावं लागतं, नुसते पैसे मिळाल्याची पावती म्हणजे हस्तांतर नव्हे. जुन्या कागदाला त्या वेळचा कायदा लागतो, म्हणून ती पावती आम्ही वकिलांकडून वाचून घेतली. त्यांचंही मत तेच पडलं. ताईंना इतकी वर्षं वाटत होतं की बाबांनी गाणी विकून टाकली.

गिटारिस्टने उत्साहाने फोनवर कच्चा मिक्स लावला. मूळ कॅसेटवर ते गाणं सात मिनिटांच्या आसपास, पाच अंतऱ्यांचं. याने चार मिनिटांत बसवलेलं, दोन अंतरे, मग लांब सोलो, मग मुखडा आणि संपलं. ताईंनी शेवटपर्यंत ऐकलं. गिटारबद्दल चकार शब्द काढला नाही.

‘बाबू, चांगलं हाय. पण यात माह्या बाबांचं नाव कुठं हाय?’

आधी वाटलं त्या श्रेयनामावलीबद्दल विचारताहेत. तसं नव्हतं. या परंपरेत कवी शेवटच्या अंतऱ्यात स्वतःचं नाव गुंफतो. वामनदादांच्या गाण्यांत ‘वामन’ येतो, तसंच यांचंही नाव पाचव्या अंतऱ्यात होतं. कव्हरवरचं बारीक अक्षर कोणी वाचत नाही आणि रेडिओवर नाव सांगतीलच असं नाही, हे त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी नाव गाण्यातच शिवून टाकलं. वेळ वाचवायला आपण कापतो तो नेमका शेवटचा अंतरा.

तिन्ही गाण्यांत तेच झालं होतं. बाकीची तपासली तर कवीचं नाव असलेल्या एकाही गाण्यात आमच्याकडे शेवटचा अंतरा नव्हता. मुद्दाम कोणी केलं नव्हतं. साडेतीन-चार मिनिटांच्या गाण्याची सवय असलेला कोणीही असंच करेल.

इथे कायद्याचं कलम ५७ लागू पडतं. कर्तेपणाचा हक्क आणि रचनेची मोडतोड रोखण्याचा हक्क कवीने आर्थिक हक्क विकले तरी त्याच्याकडेच राहतो, आणि त्याच्या मागे वारसांना तो चालवता येतो. अंतरा गाळणं ही मोडतोड ठरते का, यावर वकील दोन्ही बाजूंनी बोलू शकतील. पण आम्ही तो वाद घालायला बसलोच नाही. ज्या माणसाचं नाव पुसलं गेलं त्याच्या मुलीसमोर बसून कलमं काढणं कोणालाच नको होतं.

तरीही निर्णय सोपा नव्हता. गिटारिस्टचं म्हणणं होतं की गाण्याचा चढ दुसऱ्या अंतऱ्यानंतरच्या सोलोत आहे. त्याच्यानंतर शांत अंतरा आला तर गाण्याचा जोर उतरतो. आणि पाचही अंतरे गायले तर ही जुन्या कॅसेटची नक्कल होईल. ‘सोलो कापला तर मग मी हे कायले करून राहिलो?’ असं तो चिडून म्हणाला, आणि त्याच्या बाजूने पाहिलं तर प्रश्न रास्त होता.

वाट ताईंनीच काढली. त्यांनी पेटीतून वही काढली, चष्मा लावला आणि पेन्सिलीने तिसऱ्या आणि चौथ्या अंतऱ्यापुढे बारीक फुली मारली. हे दोन बाबा स्वतःच मंचावर कधीकधी गाळायला सांगायचे, म्हणाल्या. पाचवा राहिला पाहिजे. सोलो अर्ध्यावर आला आणि शेवटचा अंतरा त्याच्यानंतर गेला, ड्रम थांबवून नुसत्या ढोलकीवर. मिक्सिंगच्या टप्प्यावर हे करायचं म्हणजे गाणं पुन्हा गाणं, जोड बुजवणं, सगळंच आलं. पण त्या गाण्याबद्दल पुढे जे बोललं गेलं ते बहुतेक या शेवटच्या अंतऱ्याबद्दलच. हीच पद्धत बाकीच्या गाण्यांनाही लावली: कोणता अंतरा गाळायचा ते वारसांनी ठरवायचं, नावाचा अंतरा गाळायचा नाही, आणि हे करारात लिहायचं.

चालीचा मालक कोण

काकाजींचे हार्मोनियमवाले कामठीला राहत होते. वय झालेलं, पण कान तल्लख. त्यांचं म्हणणं, ज्या तीन चालींवर काकाजींचं नाव छापलंय त्यातल्या दोन माझ्या. काकाजींचा मुलगा म्हणे, बाबांनीच लावल्या, मी लहानपणापासून पाहिलंय. कागद कोणाकडेच नाही.

यातलं एक गाणं मालकंस रागाच्या अंगाने जाणारं होतं. गिटारिस्टने त्याखाली पॉवर कॉर्ड भरल्या होत्या. पॉवर कॉर्डमध्ये मूळ स्वर आणि त्याचा पंचम असे दोनच स्वर असतात, गंधार नसतो, त्यामुळे ती बहुतेक रागदारी चालींखाली खपून जाते. पण मालकंसात पंचमच वर्ज्य. कोमल गंधार, मध्यम, कोमल धैवत, कोमल निषाद यांवर पॉवर कॉर्ड घेतली तर तिचे दोन्ही स्वर रागातच राहतात. फक्त षड्जावर घेतली की पंचम आत घुसतो, आणि षड्जावर तर गाणं पदोपदी येऊन टेकतं. म्हाताऱ्याने मुखडा पुरा व्हायच्या आत हात वर केला आणि विचारलं, पंचम कुठून आला? मग पेटी ओढून षड्जाखाली मध्यम दाबून दाखवला. गिटारिस्टने जागेवर तसंच वाजवून पाहिलं, खाली मध्यम आणि वर षड्ज, आणि गाणं एकदम जागेवर बसलं.

गिटारिस्टची त्या क्षणी खात्री पटली की चाल यांचीच. मला तसं वाटलं नाही. ज्याने वर्षानुवर्षं ती चाल वाजवली त्याला खटकलेला स्वर कळणारच, त्यावरून ती त्याने बांधली असं सिद्ध होत नाही. पुरावा नसताना न्यायाधीश व्हायचं नाही असं ठरवून आम्ही दोन्ही बाजूंना एकच प्रस्ताव दिला: त्या दोन गाण्यांवर दोन्ही नावं, चालीचा वाटा निम्मा-निम्मा. मुलगा आधी रुसला. त्याला वाटलं वडिलांच्या नावाला कमीपणा येतोय. काकाजींचं नाव आणि फोटो अल्बमच्या दर्शनी भागावर राहणार आणि त्या वापरासाठी कुटुंबाला वेगळा ठरावीक वाटा मिळणार, असं लेखी दिल्यावर तो राजी झाला. ‘पारंपरिक’ लिहिलेल्या चालींना मात्र आम्ही तसंच ठेवलं. त्यांच्यावर कोणी हक्क सांगितला नाही.

जी गाणी गळाली

सिनेगीताच्या चालीचं गाणं हा सगळ्यात कडू घोट होता. कवीच्या वारसांची हरकत नव्हती. चाल मात्र एका संगीत कंपनीच्या मालकीची, आणि तिच्यावर वेगळे शब्द घालून बदललेल्या रूपात रेकॉर्ड करायला त्यांची स्वतंत्र परवानगी लागली असती. पत्रं गेली, उत्तर आलं नाही. दुसरा उपाय, त्याच शब्दांना नवी चाल. गिटारिस्टने बांधलीही, वाईट नव्हती. विहारातल्या चार लोकांना ऐकवली तर सगळ्यांनी जुनीच चाल गुणगुणायला सुरुवात केली. गाणं बाजूला ठेवलं.

दुसरं, फक्त आडनाव असलेल्या कवीचं. कर्ता सापडत नसेल तर कलम ३१ए खाली परवाना मागता येतो, त्यासाठी आधी इंग्रजी दैनिकात जाहीर सूचना वगैरे सोपस्कार आहेत. एका गाण्यासाठी तो खर्च आणि वेळ झेपणारा नव्हता.

आणखी एक छोटा मोह होता. काकाजींच्या घरी त्यांचा आवाज रेडिओवरून टेप केलेला होता आणि गिटारिस्टला तो पहिल्या गाण्याच्या सुरुवातीला दहा-पंधरा सेकंद वापरायचा होता. नागपूर आकाशवाणी १९४८ पासून आहे आणि अशा घरगुती टेपा विदर्भात घरोघरी सापडतील. पण तिथे प्रश्न नव्याने गाण्याचा उरत नाही, प्रत्यक्ष मूळ ध्वनिमुद्रणाचा होतो, आणि ते ज्यांचं त्यांचा परवाना लागतो. टेप घरात आहे म्हणून ती आपली होत नाही. मोह सोडला.

ऐकवण्याची बैठक

मिक्स पक्का करण्याआधी विहारात जुन्या जाणत्यांना अल्बम ऐकवायचा, ही कल्पना ताईंची. मला धास्ती होती. कोणी म्हणेल, बाबासाहेबांच्या गाण्यात हा गोंगाट कशाला. तसं एकाने म्हटलंही. पण बहुतेकांची तक्रार निराळी निघाली. काकाजींच्या पार्टीत पूर्वी कोरस देणारे एक गृहस्थ म्हणाले, ‘वाजवा ना बाप्पा, कितीबी जोरात वाजवा. पण बोल समजले पाहिजे.’

रॉकमध्ये आवाज वाद्यांच्या भिंतीत थोडा बुडवून ठेवायची रीत आहे. भीमगीतात शब्द बुडाला तर उरतं काय? त्या रात्री आवाज वर आणला, गिटारच्या दोन थरांपैकी एक काढला. ध्वनीच्या दृष्टीने अल्बम थोडा पातळ झाला असं त्या क्षेत्रातले काही जण म्हणतात. मला तो निर्णय बरोबर वाटतो.

निष्पत्ती

सहा गाण्यांचा अल्बम फक्त डिजिटल निघाला. अपलोड करताना एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट ठरवावी लागली. फॉर्ममध्ये काकाजींचं नाव सहकलाकार म्हणून टाकलं असतं तर ते अॅपवर त्यांच्या जुन्या गाण्यांशी जोडलं गेलं असतं आणि ऐकणाऱ्याला वाटलं असतं, यात त्यांचा आवाज आहे. म्हणून ते नाव अल्बमच्या शीर्षकात, अभिवादन म्हणून. गीतकार आणि संगीतकार हे रकाने मात्र प्रत्येक गाण्याला पूर्ण नावाने भरले. हे रकाने बहुतेक जण घाईत रिकामे सोडतात किंवा तिथे स्वतःचं नाव घालतात.

यूट्यूबवर दोन गाण्यांवर लगेच दावा लागला. जुन्या कॅसेट डिजिटल करून टाकणाऱ्या एका कंपनीच्या नावावर त्या चाली नोंदलेल्या होत्या. कागद तयार असल्याने हरकत घेतली. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात, त्या मुदतीत उत्तर आलं नाही आणि दावा सुटला. कागद नसते तर त्या काळातलं उत्पन्न आणि उमेद दोन्ही गेली असती.

पैसे फार आले नाहीत. जे आले ते ठरल्याप्रमाणे वाटले गेले, आणि ताईंनी वारस म्हणून आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सदस्यत्व घेण्यासाठी कागद गोळा केले. प्रत्यक्ष कार्यक्रम झाला तेव्हा सिनेगीताच्या चालीच्या गाण्याची फर्माईश झालीच. बँडने ते वाजवलं नाही. थोडी नाराजी झाली, आणि गिटारिस्टने कारण मंचावरून मोकळेपणाने सांगितलं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी क्रम. कॅसेटची कव्हरं गोळा करून गीत-संगीताचा तक्ता रेकॉर्डिंगच्या आधी झाला असता तर दोन गाण्यांवरची मेहनत वाचली असती आणि पुन्हा गाणंही टळलं असतं. गाण्याची निवड करताना ‘आवडतं का’ याच्याच बरोबरीने ‘कोणाचं आहे’ हा प्रश्न विचारायला हवा होता.

कवींच्या घरी जाताना तयार मिक्स घेऊन जाणं हाही चुकीचा डाव. समोरच्याला वाटतं, सगळं ठरलंय, आपण फक्त सही करायची. ताई बोलल्या म्हणून बरं. पहिल्या कवीच्या नातवाने सही करताना काहीच विचारलं नाही, पण त्या गाण्यातही आजोबांचं नाव कापलेलं होतं. आम्ही नंतर त्याला सांगितलं तेव्हा तो जरा वेळ थांबून म्हणाला, मला लक्षात आलं होतं, पण तुम्हाला कसं म्हणायचं.

हार्मोनियमवाल्यांचं म्हणणं व्हिडिओवर नोंदवून ठेवायला हवं होतं, नुसत्या चालींच्या हक्कासाठी नाही. कोणती चाल कुठल्या सामन्यात, कोणाच्या सवालाला जवाब म्हणून बांधली हे सगळं त्यांना आठवत होतं. आम्ही दोन चालींच्या वाट्याचं बोललो आणि परतलो.

काकाजींच्या मुलाशी पहिल्याच भेटीत स्पष्ट बोलायला हवं होतं की वडिलांचा आवाज आणि वडिलांची गाणी या वेगळ्या गोष्टी आहेत. तो आशीर्वादाचा फोटो आधी निघाल्यामुळे पुढचं प्रत्येक बोलणं त्याला माघार वाटत गेलं.

राहिलेलं एक गाणं अजून हार्ड डिस्कवर आहे. दीक्षाभूमीजवळ स्टॉल लावणाऱ्या एका विक्रेत्याने त्या आडनावाचं भंडाऱ्याकडचं एक घर सुचवलं. तिथे एक वही आहे. पहिले चार अंतरे कॅसेटशी जुळतात. कॅसेटवर गाणं तिथेच संपतं, वहीत पाचवा आहे आणि त्यात पूर्ण नाव आहे. वारस कोण कोण आहेत ते सध्या पाहणं चालू आहे.